संताच्या जखमेतली भुकटी

सकाळची प्रार्थना संपत आली की चर्चमधली माणसं वेदीकडे पाहायचं सोडून डाव्या भिंतीकडे पाहू लागायची. तिथे लाकडी चौथऱ्यावर रोग्यांचा संत उभा होता, चांगला माणसाएवढा. एका हातात वाटसरूची काठी, दुसऱ्या हाताने झग्याची कड उचललेली आणि त्याच हाताचं बोट मांडीवरच्या उघड्या जखमेकडे. पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. फादरांनी शेवटचा आशीर्वाद दिला की मनोऱ्यातली घंटा वाजायची आणि अख्खं चर्च श्वास रोखून धरायचं. मग संताच्या जखमेतून पिठासारखी पांढुरकी भुकटी झिरझिर गळायची आणि कुत्र्याच्या डोक्यावर साठायची. कुणी हुंदके देई, कुणी गुडघ्यांवर बसे, मागच्या बाकांवरचे लोक टाचा उंचावून एकमेकांच्या पाठीवर रेलत. दूरदूरच्या गावांहून माणसं येत होती. चालता न येणाऱ्यांना पाठुंगळीला मारून आणलेलं असायचं.

सगळ्यांचे डोळे पाणावले की सेवेकरी पुढे व्हायचा. हे त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं नाव. पूर्वी तो बसथांब्यावर केस उगवणारं तेल विकायचा आणि भर उन्हाळ्यातही डोक्यावरची टोपी काढत नसे, यावरून तेलाचा गुण ज्याने त्याने ओळखावा. आता अंगात पांढरा सदरा आला होता, गळ्यात क्रूस आला होता, हातात मऊ कुंचला आला होता. आवाज मात्र बसथांब्यावरचाच राहिला होता.

"बघा, डोळे भरून बघा," तो म्हणायचा. "संत स्वतः झिजतोय. कुणासाठी? तुमच्यासाठी. डॉक्टर काय देतो? गोळी. गोळी कुठून येते? कारखान्यातून. आणि ही भुकटी कुठून येते? जखमेतून. आता मला सांगा, कारखाना मोठा की जखम मोठी?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाला सुचायचं नाही. प्रश्नालाच काही अर्थ नाही, हेही कुणाला सुचायचं नाही. तेवढ्यात कुंचला फिरायचा, भुकटी कागदाच्या पुड्यांत जायची, पुड्या हातात आणि दानपेटीचं झाकण उघडं.

सगळ्यात मागच्या खांबाला टेकून दादा हे रोज पाहायचा. पुढच्या पहिल्या बाकावर त्याची धाकटी बहीण बसलेली असायची. तिला क्षय होता. दवाखान्यातल्या गोळ्या तिने मधेच सोडल्या होत्या आणि रोज चिमूटभर ही भुकटी खाऊन तिच्यावरच भिस्त ठेवली होती. भुकटी म्हणजे नेमकं काय, हे त्या भरल्या चर्चमध्ये एकट्या दादाला ठाऊक होतं, कारण तो संत त्यानेच कोरला होता.

संत कोरणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. बाप कोरायचा, आजा कोरायचा. गल्लीतले वात्रट लोक दादाला संतांचा बाप म्हणत, आणि एका अर्थी ते खोटं नव्हतं. लग्न त्याने केलं नाही आणि धाकटी लवकर विधवा होऊन घरी परतली. तेव्हापासून त्या कारखान्यात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, दोघांची कामं वाटलेली होती. लाकूड दादाचं, कातडी धाकटीची. त्याने अंग घडवायचं, तिने सरस उकळून त्यात खडूची पूड कालवून अस्तराचे थर द्यायचे, ते काचेसारखे गुळगुळीत घासायचे आणि मग रंग भरायचे. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढताना ती दादाला खोलीबाहेर घालवायची, कारण तो श्वास जोरात घेतो अशी तिची तक्रार होती. तिची दुसरी तक्रार अशी, की त्याच्या सगळ्या संतांना त्यांच्या बाबांचं नाक असतं. दादा म्हणायचा, दुसरं नाक मी इतक्या जवळून पाहिलंय कुठे?

गिऱ्हाईक कमी कमी होत गेलं. दुकानांत साच्यातले चकचकीत संत मिळू लागले, सगळ्यांच्या गालांवर तीच लाली आणि डोळ्यांत तोच भाव. लाकडाच्या संतासाठी वाट पाहत बसायला कुणाला सवड उरली नाही. दोघं जुन्या मूर्ती दुरुस्त करून दिवस काढत होती. अशात एका वादळाने अंगणातलं अक्रोडाचं झाड आडवं केलं आणि त्याच सुमाराला धाकटीच्या खोकल्यातून रक्त पडलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी थुंकी तपासून क्षय आहे म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या. सहा महिने रोज घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच थांबायचं नाही, थांबलात तर मरायचे राहिलेले जंतू पुन्हा उठतात आणि या गोळ्यांना दाद देत नाहीत, असं त्यांनी दोघांना समोर बसवून बजावलं. धाकटी मान डोलावत राहिली. घरी आल्यावर ती पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसली आणि म्हणाली, मी यातून उठले तर याच झाडाचा रोग्यांचा संत करून चर्चला देऊ. तो संत साथीतल्या आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडला होता, रानात एकटा पडून राहिला होता आणि एका कुत्र्याने पाव आणून त्याला जगवलं होतं, अशी त्याची गोष्ट सांगतात.

उठल्यावर कशाला, आत्ताच करतो, असं दादा म्हणाला आणि इथेच त्याचं चुकलं.

लाकूड वर्षानुवर्षं सुकवावं लागतं. त्याने ते ओलसरच घेतलं. झाडाच्या मधला गाभा काळसर आणि टणक असतो, त्याला कीड सहसा शिवत नाही. सालीखालचं पांढरं लाकूड मात्र किडीला पिठासारखं गोड लागतं. ते सगळं तासून टाकायचं, हे बापाने दादाच्या हाती पटाशी द्यायच्या आधी शिकवलं होतं. पण खोड बारीक निघालं. नुसत्या गाभ्याचा संत केला असता तर तो गुडघ्याएवढा झाला असता आणि धाकटीला तो माणसाएवढा हवा होता. तिला नाही म्हणणं दादाला तेव्हा जमलं नाही. पुढे आलेली ती मांडी अख्खी पांढऱ्या लाकडात गेली. त्यात पुन्हा घराण्याची एक रीत होती. संतांच्या जखमेला अस्तर द्यायचं नाही, उघड्या लाकडावर नुसतं लाल रंगाचं पाणी फिरवायचं, म्हणजे लाकडाचे धागे जिवंत मांसासारखे दिसतात. बाकी अंगाला अस्तराचं चिलखत आणि जखम तेवढी उघडी.

संत चर्चमध्ये उभा राहिला तोवर गोळ्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. धाकटीचा खोकला बसला, ताप गेला, गाल भरले. मग उन्हाळा तापला आणि एका सकाळी ती चर्चमधून धावत घरी आली. धावत आली हे महत्त्वाचं, कारण काही महिन्यांपूर्वी तिला दारापर्यंत चालवत नव्हतं. तिच्या ओंजळीत चिमूटभर पांढुरकी भुकटी होती.

"दादा, आपला संत झिजतोय रे," ती म्हणाली. "माझा आजार त्याने स्वतःच्या अंगावर घेतलाय."

दादाने भुकटी दोन बोटांत चोळली. आयुष्यभर जुन्या मूर्ती दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती ओळखायला कितीसा वेळ लागतो? पांढऱ्या लाकडात अळी पोखरत जाते, लाकडाचं पीठ करते आणि ते पीठ भोकातून बाहेर लोटते. असं लाकूड कारखान्यात दिसलं की त्याचा बाप ते त्याच दिवशी जाळून टाकायचा. 'अगं, कीड लागली' हे शब्द दादाच्या ओठांपर्यंत आले. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खुलली होती, धापा टाकत हसत होती, लहानपणी हसायची तशी.

"असेल," दादा म्हणाला.

एवढा एकच शब्द. तो खोटं बोलला असं कुणाला म्हणता आलं नसतं.

पुढे गप्प राहायला आणखी एक कारण झालं. ते तितकंसं चांगलं नाही, पण सांगायला हवं. धाकटीने हे फादरांना सांगितलं, फादरांनी ना हो म्हटलं ना नाही, आणि बातमी गावभर झाली. कुठूनसा सेवेकरी उगवला. लोक दादाच्या कारखान्यात यायला लागले. ज्यांनी मागच्या वर्षी साच्यातला संत घेतला होता ते आता दाराशी चपला काढून आत येत आणि त्याचे हात हातात घेऊन कपाळाला लावत. नव्या संतांची कामं आली. साठी ओलांडल्यावर माणसाला पहिल्यांदा असा मान मिळाला तर तो सोडवत नाही. दादाला तो सोडवला नाही.

धाकटीने गोळ्या कधी थांबवल्या हे त्याला लगेच कळलंही नाही. अस्तराच्या खडूचा डबा उघडला तेव्हा आत न फोडलेल्या पाकिटांची चळत होती. त्याने विचारलं, हे काय आहे? ती अगदी शांतपणे म्हणाली, संताने बरं केल्यावर गोळ्या खाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. दादाने डॉक्टरबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली, सहा महिने म्हणजे सहा महिने म्हणून चिडला, विनवण्या केल्या. गोळ्यांबद्दल तो खूप बोलला. भुकटीबद्दल एक अक्षर बोलला नाही. आणि ते अक्षर सोडून बाकी काहीही बोलून उपयोग नव्हता.

गोळ्यांनी केलेल्या कामाचं श्रेय भुकटीला मिळालं होतं. आता गोळ्या थांबल्यावर जे व्हायचं तेच झालं. थंडी पडायच्या सुमाराला धाकटीचा खोकला परत आला, संध्याकाळचा ताप परत आला. सेवेकऱ्याकडे त्यालाही उत्तर होतं. म्हणे संत आजार मुळापासून बाहेर काढतोय, म्हणून खोकला वाढलाय. बरं वाटलं तर संताची कृपा आणि वाईट वाटलं तर तीही संताचीच कृपा. असा सामना हरायचा तरी कसा?

एका दुपारी डॉक्टरबाई कारखान्यात आल्या. धाकटी आत झोपली होती. बाईंनी पिशवीतून दोन पुड्या काढून कामाच्या फळीवर ठेवल्या. दोन्ही त्यांच्या रोग्यांकडून आल्या होत्या, एक उन्हाळ्यातली, दुसरी गेल्या आठवड्यातली. भुकटीच्या नादाने औषध सोडलेली माणसं आता त्यांच्याकडे एकेक करून परत येत होती आणि जी येत नव्हती त्यांची त्यांना जास्त काळजी होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला या दोन्हींत काही फरक दिसतो का?

दादाने दोन्ही पुड्या उलगडल्या. पहिलीत लाकडाचं पीठ होतं. दुसरी पांढरीफेक होती आणि बोटाला खरखरीत लागत होती. तीच खडूची पूड, जी त्याच्या घरात डब्याने भरलेली असे आणि रंगाच्या कोणत्याही दुकानात मिळते. थंडीत कीड सुस्त होते, भुकटी पडेनाशी होते. सेवेकऱ्याने त्यावर आपला तोडगा काढला होता.

"ही दुसरी मी लोकांना दाखवीन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते सोपं आहे. पहिलीचं काय करायचं?"

दादाने पहिल्या पुडीची पुन्हा घडी घातली आणि तो म्हणाला, "कीड आहे. मांडीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, स्टूल ओढून बसल्या. मग दादाच बोलू लागला. तिचा सगळा जीव त्या संतावर आहे, तो तिच्या मनातून काढून घेतला तर तिच्याकडे काय उरेल?

"गोळ्या उरतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तेही लवकर केलंत तर. ती माझं ऐकत नाही, फादर तोंड उघडत नाहीत. तुमचं ऐकेल."

तिथून डॉक्टरबाई फादरांना जाऊन भेटल्या. रविवारी प्रार्थना संपल्यावर फादरांनी घंटा थांबवली आणि डॉक्टरबाईंना पुढे बोलावलं. फादर भल्या स्वभावाचे, भांडणाला घाबरणारे गृहस्थ. इतके दिवस त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत असावी, कारण त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. ते म्हणाले, ज्याच्या नावाने हे चाललंय तो संत रोग्यांच्या जखमा धुवायचा, त्यांना वाऱ्यावर सोडायचा नाही. खरं असेल ते तपासल्याने कमी होणार नाही.

बाईंनी पाण्याचे दोन पेले ठेवले. उन्हाळ्यातली भुकटी पाण्यावर तरंगत राहिली. नवी तळाशी जाऊन बसली आणि पाणी दुधाळ झालं. मग त्यांनी नव्या पुडीवर लिंबू पिळलं, तर ती फसफसून उकळी आल्यासारखी वर आली. पुढच्या बाकांवरची माणसं मागे सरकली. बाई म्हणाल्या, घाबरू नका, खडूच्या पुडीवर लिंबू पिळलं की असंच होतं. पाहिजे तर दुकानातून आणून घरी करून बघा.

सेवेकऱ्याने टोपी सारखी केली. बसथांब्यावर मुरलेला गडी तो, इतक्यात हार मानतोय थोडाच.

"केलं," तो म्हणाला. "हो, घातली मी थोडी खडूची पूड. एवढी माणसं लांबून येतात, त्यांना रिकाम्या हाताने पाठवू? पण ही उन्हाळ्यातली भुकटी, ती तर तरंगली ना? ती तर संताचीच आहे ना? ज्यांनी संत कोरला ते मागे उभे आहेत. त्यांना विचारा. लाकडात खोट असती तर यांनी आपल्या बहिणीला खाऊ दिली असती?"

सगळी डोकी मागे वळली. धाकटीही वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. तिचा दादा आता काय सांगेल याची तिला पूर्ण खात्री होती.

दादाने सकाळी निघताना एक पटाशी कोटाच्या खिशात टाकली होती. ती वापरायची की नाही हे त्याचं ठरलेलं नव्हतं. तो खांबापासून निघाला आणि बाकांच्या मधून चालत चौथऱ्यापाशी आला. आपण घडवलेल्या त्या तोंडाकडे त्याने पाहिलं. बाबांचं नाक आणि धाकटीने रंगवलेले डोळे. त्याच्या हातून याहून चांगलं काम झालेलं नव्हतं आणि पुढे होईल असंही वाटत नव्हतं.

"घंटेची गरज नाही," तो म्हणाला आणि त्याने चौथऱ्यावर मूठ आपटली. जखमेतून भुकटी गळली. घंटेची तुळई याच भिंतीत अडकवलेली आहे, घंटा हलली की भिंत हलते, भिंतीबरोबर संत, एवढंच ते आहे, असं त्याने सांगितलं. मग त्याने पटाशी जखमेवर टेकवली. हातोडी लागलीच नाही. तळव्याने नुसतं दाबलं आणि पातं पावात सुरी शिरावी तसं आत गेलं. मांडीचा एक मोठा ढलपा निघून खाली पडला. आत लाकूड म्हणावं असं काही शिल्लक नव्हतं. बोळच बोळ, सगळे पिठाने गच्च भरलेले. ओंजळी ओंजळीने पीठ खाली आलं, कुत्र्याच्या डोक्यावरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून फरशीवर. दादाने पटाशीच्या टोकावर एक पांढरी वळवळती अळी उचलली आणि पहिल्या बाकापासून सगळ्यांना दाखवत नेली.

"ही कीड," तो म्हणाला. "ही लाकूड खाते आणि हे पीठ टाकते. तुम्ही जे खाल्लंत ते हे. लाकूड कच्चं होतं, पांढरं होतं, मी तासायला हवं होतं ते तासलं नाही. यात संताचा काही संबंध नाही. चूक माझी आहे."

एका माणसाने खिशातली पुडी काढून बाकावर ठेवली आणि तो तोंड पुसत राहिला. एक बाई नवऱ्याला हळू आवाजात विचारत होती, आपण आईचं इन्सुलिन कधीपासून बंद केलं? सेवेकरी बाजूच्या दाराने केव्हा गेला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दानपेटी तो बरोबर घेऊन गेला होता, त्या घाईतही.

दादा अळी घेऊन पहिल्या बाकापाशी थांबला. धाकटीने ती पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"मी ओंजळीत घेऊन आले होते तेव्हा?"

"हो."

ती जरा वेळ खोकत राहिली. खोकला थांबल्यावर तिने तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू हसत होतीस," दादा म्हणाला.

तिने शाल गुंडाळून घेतली आणि डॉक्टरबाईंचा हात धरून ती चर्चबाहेर पडली. घरी गेली नाही, सरळ दवाखान्यात गेली.

उपचार पुन्हा सुरू झाले. पण जंतू आता पहिल्या गोळ्यांना बधत नव्हते. नवी औषधं जड होती, इंजेक्शनं होती, त्यांनी पोटात आग पडायची आणि कानात आवाज यायचे. धाकटीने एकही गोळी चुकवली नाही. दादा दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचा, तिच्या आवडीचं काहीबाही करून न्यायचा आणि बिघडवून ठेवायचा. ती त्याच्याशी बोलायची, पण हवापाण्याचं. एकदाच ती त्या गोष्टीवर आली, तेही खिडकीकडे तोंड करून.

"मला संताचा राग नाही," ती म्हणाली. "ते बिचारं लाकूड. तुझा आहे. मी पन्नाशीला आले, नवरा पुरला, तुझ्या बरोबरीने सगळं आयुष्य काम केलं. तरी मला खरं झेपणार नाही असं तू एकट्यानंच ठरवलंस. तुला मी कायम धाकटीच."

दादाने तिचे पाय चेपून दिले. तिने ते चेपू दिले. झाडांना नवी पालवी फुटायच्या आतच ती गेली. डॉक्टरबाईंनी दादाला काही लपवलं नाही. पहिल्या गोळ्या पुऱ्या झाल्या असत्या तर बहुतेक वाचली असती, असं त्या म्हणाल्या. दादानेच त्यांना विचारलं होतं.

दफन झालं, लोक एकेक करून दादाचा हात हातात घेऊन जाऊ लागले. शेवटी एक म्हातारी उरली. तिच्या पदराला धरून एक सातआठ वर्षांची मुलगी उभी होती, बारीक मानेची, सारखी खोकत असलेली. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं आणि दादाच्या कानाशी येऊन विचारलं, तुमच्या बहिणीनं पहिल्या उन्हाळ्यातल्या खऱ्या पुड्या जपून ठेवल्या असतील ना? एखादी दिली तर माझ्या नातीचा खोकला जाईल.

त्या दिवशी ही म्हातारी चर्चमध्ये होती. तिसऱ्या बाकावर बसून तिने अळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही पाहिलंत ना मी मांडी फोडली ती?"

"पाहिलं की. पण त्याआधीची चांगली असेल."

आजूबाजूची निघालेली माणसं थांबली होती. दादाने नजर उचलली आणि तो बोलला, भाषण करणाऱ्यासारखा नाही, थकलेल्या माणसासारखा.

"चांगली नव्हती. पहिल्या दिवसापासून किडीनं पाडलेलं पीठच होतं ते, आणि मला माहीत होतं. ते खाऊन माझी बहीण गेली. म्हणजे पीठ खाऊन नाही, पिठाच्या भरवशावर औषध सोडून गेली. प्रार्थना करा, मेणबत्त्या लावा, कोण नको म्हणतंय? मी संत कोरतच राहणार, मला दुसरं काही येत नाही. पण लाकूड ते लाकूड. त्यानं ताप उतरत नाही, त्यानं खोकला बरा होत नाही. कुणी म्हणालं बरा झाला, तर आणखी काय घेत होतास ते विचारा. कुणी म्हणालं चमत्कार आहे, तर फोडून बघू द्या म्हणा. जो फोडू देणार नाही तो लबाड. आणि ज्याला खरं काय ते माहीत आहे त्यानं ते त्याच दिवशी सांगावं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नये. वाईट वाटलेलं माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याशी भांडायला जिवंत तरी असतं."

दादाने खाली वाकून मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गरम होतं.

"किती दिवस खोकतेय?" त्याने म्हातारीला विचारलं.

म्हातारी पुटपुटली, बरेच दिवस झाले, पाऊस सरला तेव्हापासून.

"चला मग," दादा म्हणाला. त्याने मुलीला कडेवर घेतलं, म्हातारीला पुढे घातलं आणि तिघं दवाखान्याच्या रस्त्याला लागली. डॉक्टरबाई अजून बसलेल्या असतील, असं त्याने मुलीला सांगितलं.